दहा वाजेपर्यंत लसूण नाही

परिषदेचे अध्यक्ष माननीय गोपाळराव करकमकर, मुंबईहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे माननीय दस्तूरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि मोठ्या खुर्चीत बसवल्यामुळे सकाळपासून अवघडलेले श्री. चन्नप्पा बिराजदार, जिल्ह्याजिल्ह्यांतून जमलेले गॅस विक्रेते बंधू, आणि ज्यांच्या स्वयंपाकघरांविषयी आम्ही पुरुषांनी दोन दिवस त्यांना न विचारता चर्चा केली त्या, मागच्या रांगांतल्या माता-भगिनींनो,

मी या धंद्यातला माणूस नाही. एका दैनिकाचा सोलापूरचा वार्ताहर, इतकीच माझी ओळख. निमंत्रणपत्रिकेत माझ्या, म्हणजे वेणीमाधव पुराणिकाच्या, नावापुढे ‘ज्येष्ठ पत्रकार’ असं छापलं आहे. ज्येष्ठत्व ज्ञानाने येतं, वयाने येतं, आणि संपादकाने वीस वर्षांत एकदाही पुण्याला बोलावून घेतलं नाही म्हणूनही येतं. माझं हे शेवटचं. तेव्हा अध्यक्षमहाराज, आपण दिलेल्या पंधरा मिनिटांत मी विद्वत्तेचं काही बोलेन अशी भीती सभागृहाने बाळगू नये.

आपल्या परिषदेचं नाव मोठं भारदस्त आहे. ‘द्रवरूप पेट्रोलियम वायू आणि उद्याची ऊर्जा’. काल मी पहिल्या रांगेत बसून सगळं टिपून घेतलं. पहिले वक्ते म्हणाले, पंधरा वर्षांत या जिल्ह्यात चूल दाखवायला उरणार नाही. दुसरे म्हणाले, आधी ज्यांनी नंबर लावलेत त्यांना तरी द्या. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाचं लग्न ठरलं तेव्हा नंबर लावला होता. सिलिंडर आला तो नातवाच्या बारशाला. घुगऱ्या त्याच्यावरच शिजल्या, म्हणजे तसा वेळेवरच आला म्हणायचा.

मी लहानपणी पाठशाळेत न्यायशास्त्राची चार पानं घोकली होती. त्यात एक उदाहरण विद्यार्थ्याच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकतात. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं. हजारो वर्षं या उदाहरणावर आमच्या गुरुजींची पोटं भरली. तुम्ही गॅसवाले आलात आणि धुराशिवाय अग्नी दाखवून ते उदाहरण निकामी केलंत. आणखी एक. आमच्या शास्त्रात गंध हा पृथ्वीचा गुण. वायूला स्वतःचा गंध नाही. फुलावरून गेला तर फुलाचा, उकिरड्यावरून गेला तर उकिरड्याचा. गंमत पाहा, तुमच्या तेल कंपन्यांना हे कोणत्याही पाठशाळेत न जाता ठाऊक होतं. सिलिंडरातल्या या वायूला मुळात वास नाही. तो गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळतात, कुजक्या लसणासारखा. ऊर्जा, आयात, टनांचे आकडे हे सगळं तज्ज्ञांनी काल सांगितलं. मी बोलणार आहे ते या उसन्या वासाबद्दल, कारण चन्नप्पांची सोलापुरातली सगळी कमाई त्या वासाभोवती आहे.

चन्नप्पा अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाजारात मराठी. तरुणपणी मिलच्या बॉयलरवर आगवाले होते. सहासष्ट साली गोपाळरावांनी नवी पेठेत एजन्सी काढली तेव्हा त्यांना हाताशी घेतलं. तेव्हापासून बारा वर्षं सायकल, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत पाना, वॉशर आणि पत्र्याच्या डबीत रिठ्याचा फेस. कंपनीने साबणाचं पाणी लावून गळती तपासायला शिकवलं होतं. चन्नप्पांनी रिठा पसंत केला. मी कारण विचारलं. म्हणाले, “साबणाचा बुडबुडा लगेच फुटतो की साहेब. रिठ्याचा दम धरतो. बाईमाणसाला नीट बघू तर दिलं पाहिजे.”

त्यांची शिकवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल. जोडणी द्यायला गेले की स्वतः एकदाच लावून दाखवणार. मग सगळं सोडून हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभे. घरातल्या बाईने तीनदा लावायचं, तीनदा काढायचं. नवरा पुढे सरसावला तर त्याला, “तुमी रोज सैपाक करता काय?” असं विचारून मागे सारायचं. आणि बाईने स्वतःच्या हाताने पेटवून चहा केल्याशिवाय घोटभर पाणीही घ्यायचं नाही. या माणसाने आजवर नऊ हजार कप चहा घेतला असावा, असा माझा अंदाज आहे. तरी ते सडपातळ आहेत, याचं श्रेय सायकलला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. सत्काराच्या सभेत कबुलीजबाब शोभत नाही, पण तो दिल्याशिवाय पुढची गोष्ट उभी राहत नाही.

एकाहत्तर साली आमच्या घरी गॅस आला. आमच्या मातोश्री मथुराबाई यांचा स्वयंपाकघरात शब्द म्हणजे कायदा. आषाढात कांदेनवमी झाली, वर्षाचा शेवटचा कांदा खाऊन झाला, आणि नेमका दुसऱ्या दिवशी सिलिंडर संपला. नवा लावताना किंचित भपकारा आला. आई सोवळ्यात उभ्या होत्या. त्या दोन पावलं मागे सरल्या. “वेणू, त्या नळकांड्यात लसूण आहे.” मी हसलो. वार्ताहराला विषय मिळाला की त्याला आई दिसत नाही. त्या आठवड्याच्या सदरात मी चटकदार मजकूर लिहिला, ‘वायूला लसणाची फोडणी’. शास्त्राधार दिले. चातुर्मासात लसूण वर्ज्य, तर लसणाच्या वायूवर शिजलेला वरणभात चालतो का, असा प्रश्न धर्मशास्त्र्यांना विचारला. लोकांनी कौतुक केलं. आणि आमच्या आळीतल्या अकरा घरांनी सिलिंडर ओसरीवर काढून ठेवले. कार्तिकापर्यंत चूल, असं ठरलं.

विनोदाने केवढा धूर होतो हे मला तेव्हा कळलं. अकरा घरांतून तो रोज माझ्या खिडकीत येत असे.

चन्नप्पा आले. मला वाटलं, आता हा माणूस भांडणार. सायकल लावून ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, “साहेब, तुमचा लेख वाचला. बरोबर हाय.”

मी म्हटलं, “काय बरोबर आहे?”

“तुमच्या घरात चार महिने लसूण येत न्हाय. मग वास आला तर तो कुठला, हे विचारायचं कामच न्हाय. गॅसच. साऱ्या सोलापुरात तुमच्या आळीइतकी सुरक्षित आळी न्हाय बघा. आणि तुमी तिथंच गॅस बंद पाडलाय.”

मग ते आईंकडे वळले. “आई, तो वास म्हणजे दाराबाहेरचा राखणदार. आग पेटली की तो जळून जातो. तुमच्या भातापर्यंत पोचत न्हाय. जोवर तुमाला त्याचा वास येत न्हाय तोवर तो बाहेरच हाय, आणि समदं ठीक हाय.”

आईंनी विचार केला. “म्हणजे दिसला नाही तर चांगलं, आणि दिसला तर उपकार?”

“हौदु,” चन्नप्पा म्हणाले. हौदु म्हणजे होय. आईंना कानडी येत नव्हती, पण हललेली मान कळली. त्या दिवशी सिलिंडर आत गेला. पाठोपाठ बाकीचे दहाही गेले. मी पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापली. ती कोणी वाचली नाही. दुरुस्त्या कोणी वाचत नाही. लोकांनी ऐकलं ते आईंचं.

ही झाली प्रस्तावना. अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत ते मी पाहिलं आहे. आता मूळ गोष्ट.

बाळीवेशीत दोन खोल्यांत एक बाई राहतात. अंबूबाई. मूळच्या सांगोल्याकडच्या. पती निवर्तल्यावर शेंगाचटणीवर त्यांनी मुलगा वाढवला. सोलापूरकरांना शेंगाचटणी काय हे सांगणं म्हणजे गावच्या वेशीत गावाचा पत्ता सांगणं. पण परजिल्ह्यांतल्या बंधूंसाठी सांगतो: भाजलेले शेंगदाणे, तिखट, मीठ, आणि लसूण. लसूण हातचा राखून नव्हे, ओंजळीने. दाणे अंबूबाई भडभुंज्याकडून भाजून आणत. तेव्हा घरगुती सिलिंडरवर धंदा होत होता की काय, अशी शंका सभागृहातल्या अधिकाऱ्यांनी मनात आणू नये. घरचा स्वयंपाक मात्र चुलीवर, आणि जळण म्हणजे तुरकाठ्या आणि शेंगांची फोलपटं. फोलपटांचा धूर ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय सांगावं! अंबूबाईंचा उजवा डोळा पूर्वीच गेलेला. डावा सदा लाल आणि पाझरणारा. डॉक्टरांनी पंचाहत्तर साली स्पष्ट सांगितलं, “बाई, चूल सोडा. नाही सोडलीत तर हा डोळा तुम्हाला सोडून जाईल.”

त्याआधी तीन वर्षं लावलेला नंबर त्याच वर्षी मार्गशीर्षात लागला. चन्नप्पा सायकलवर सिलिंडर बांधून निघाले. त्या दिवशी कंपनीचे तपासणी अधिकारी सोलापुरात होते, तेही नवी जोडणी पाहायला बरोबर गेले. गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्यांनी नाक वर केलं आणि ओरडले, “चन्नप्पा! थांब! आख्खं घर भरून गॅस गळतोय! सिलिंडर बंद कर!”

चन्नप्पा म्हणाले, “साहेब, सिलिंडर अजून सायकलवरच हाय.”

ते अधिकारी कोण होते हे मी सांगणार नाही. ते आज व्यासपीठावर आहेत आणि आत्ता सर्वांत मोठ्याने हसत आहेत. साहेब, आपण हसलात म्हणून पुढचं धीराने सांगतो.

कारण त्यांचं पुढचं म्हणणं बरोबर होतं. ते म्हणाले, “इथे उद्या खरंच गळला तर कोणाला कळणार? वासावर तर आपला सगळा भरवसा. या घरात वास म्हणजे रोजचा धंदा.” आणि त्यांनी कागदावर लिहिलं, ‘गळती ओळखणे अशक्य. जोडणी देऊ नये.’

अंबूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “सायेब, लसून सोडू, का धंदा सोडू, का डोळा सोडू? येक कायतरी सांगा. तिन्ही मागू नगा.”

माणूस अधिकारी असला तरी त्याला याचं उत्तर कुठल्या नियमात सापडणार? चन्नप्पा म्हणाले, “पंधरा दिवस द्या साहेब. जबाबदारी माझी.” साहेबांनी कागद फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. “सोळाव्या दिवशी पहाटे मी स्वतः येणार. पटलं नाही तर सिलिंडर उचलणार. आणि चन्नप्पा, जबाबदारी तुझी म्हणजे गेली तर नोकरीही तुझीच.”

चन्नप्पांनी तीन दिवस विचार केला असेल असं तुम्हाला वाटेल. ते त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले. माझ्याकडे नाही, आईंकडे. “आई, चातुर्मासात तुमच्या घरात लसूण नसतो. मला एका घरात रोज चार तास चातुर्मास करायचा हाय. कसा करतात ते शिकवायला चला.”

आणि आमच्या आई टांग्यात बसून बाळीवेशीत गेल्या. ज्या घरात लसूण टोपल्यांनी होता अशा घरात त्या जन्मात पहिल्यांदा जात होत्या. मी सोबतीला होतो; म्हणून हा संवाद ऐकीव नाही.

आई उंबऱ्यात पदर नाकाला लावून उभ्या. “सोललेला लसूण कुठे ठेवतेस?”

“ठिवतीया कुटं? हितंच, टोपलीत.”

“आजपासून तो घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेर ओसरीला. उखळ, पाटा संध्याकाळीच राखेनं घासायचा. जमीन सारवायची. सकाळी आधी अंघोळ. मग काडी ओढायची नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. आतल्या खोलीत नुसतं उभं राहायचं आणि वास घ्यायचा. खाली वाकून घ्यायचा. हे चन्नप्पा सांगतात, तो वायू जड असतो, जमिनीशी बसतो. काही नसेल तर शेगडी पेटव. दहापर्यंत सगळा स्वयंपाक उरक, सिलिंडरपाशी बंद कर. मग लसूण आत आण.”

अंबूबाईंनी एका डोळ्याने त्यांना न्याहाळलं. “म्हंजी दहा वाजस्तवर घर तुमचं, आन् दहाच्या फुडं माजं?”

“हो. आणि माझ्या घरात लसूण चालत नाही.”

“बरं बाई. पर येक सांगू का? माज्या नाकालाच लसून चिकाटलाय. वीस वरसांचा. मला वास येनार कसा?”

याचं उत्तर चन्नप्पांनी काढलं. रोज पहाटे साडेपाचला ते दारात हजर. खिशातल्या रुमालात ठेचलेल्या लसणाची एक पाकळी, कधी असायची, कधी नसायची. अंबूबाईंनी सांगायचं, आहे की नाही. पहिले चार दिवस सपशेल नापास. असेल तेव्हा नाही, नसेल तेव्हा आहे. आमच्या गुरुजींनी असल्या विद्यार्थ्याला गाई वळायला पाठवलं असतं. पाचव्या दिवशी चन्नप्पा ओसरीची पायरी चढले आणि आतून आवाज आला, “चन्नाप्पा, आज डाव्या खिशात घातलाय व्हय?” त्या दिवशी चन्नप्पांनी दोन कप चहा घेतला, आणि पुढे आठवडाभर एकही चूक झाली नाही तेव्हा पहाटेची परीक्षा बंद केली.

आता चौदावा दिवस. अंबूबाईंचा मुलगा भीमा मिलमध्ये होता, सकाळच्या पाळीचा. सहाचा सुमार. तो ओठांत विडी, हातात काडेपेटी घेऊन आतल्या खोलीतून बाहेर येत होता. अंबूबाई अंघोळ करून नेमाप्रमाणे वास घ्यायला वाकलेल्या. तशाच उठल्या आणि त्याच्या मनगटावर फटका मारला. काडेपेटी उडाली.

“काडी वढू नगंस!”

“काय झालं गं आये?”

“लसनाचा वास येतोय.”

भीमा हसायला लागला. “आये, तुज्या घरात लसनाचा वास न्हाय तर काय अत्तराचा यील?”

त्यावर अंबूबाई जे म्हणाल्या ते मी टिपून ठेवलं आहे, आणि वीस वर्षांत मी बातमीला दिलेल्या कोणत्याही मथळ्यापेक्षा ते वाक्य सरस आहे. त्या म्हणाल्या, “आता सा वाजल्यात. माज्या घरात लसून धा वाजता येतो.”

दारं-खिडक्या उघडल्या. सिलिंडरचा कॉक बंद. बटणाला हात नाही. शेजारच्या बिऱ्हाडालाही चुली विझवायला लावून सगळ्यांना रस्त्यावर काढलं. भीमा धावत चन्नप्पांना घेऊन आला. वास पुरता निघून गेल्यावर चन्नप्पांनी रबरी नळीला रिठ्याचा फेस लावून कॉक जरासा सोडला. मागच्या बाजूला, भिंतीकडे, बुडबुडा आला आणि दम धरून राहिला. शेंगदाण्याच्या घरात उंदीर असायचेच. रात्री एकाने नळी कुरतडली होती, आणि भीमाने पहाटे चहासाठी म्हणून कॉक आधीच उघडून ठेवला होता.

चन्नप्पांनी नवी नळी लावली, वरून तारेची जाळी गुंडाळली, जुनी पिशवीत टाकली. आणि बातमी कळून धावत आलेला मी, व्यवहारचतुर माणूस, त्यांना म्हणालो, “आता ही नळी फेकून द्या. परवा साहेब येतील. गळती झाली हे कळलं तर सिलिंडर उचलतील आणि तुमचीही गठडी वळतील.” माझा हा सल्ला मी जाहीरपणे सांगतो आहे, कारण शहाण्या माणसाचा सल्ला किती कमी दर्जाचा असू शकतो याचं हे उत्तम उदाहरण आहे.

चन्नप्पा म्हणाले, “साहेब, बॉयलरवर असताना मी एक शिकलो. फुटलेली नळी लपवली की पुढची माणसाजवळ फुटते.”

सोळाव्या दिवशी पहाटे ते साहेब, आता नाव लपवण्यात अर्थ नाही, आपले दस्तूरसाहेब आले. चन्नप्पांनी त्यांना खुर्ची देण्याआधी कुरतडलेली नळी दिली.

“गळती झाली?”

“हौदु साहेब. झाली. परवा सकाळी.”

“मग मी म्हणालो होतो तेच झालं.”

“अर्धं तेच झालं साहेब. गळला. पण सापडला.”

“कोणाला?”

चन्नप्पांनी अंबूबाईंकडे बोट केलं. रुमालाची सगळी हकिगत सांगितली. साहेब नळी उलटसुलट करीत राहिले. मग निर्णय न देताच निघून गेले. त्या दिवशी अंबूबाईंनी शेगडी पेटवली नाही. चूलही पेटवली नाही. “जे काय व्हायचं ते हू द्या, पर मधल्यामधी डोळा कशाला जाळू,” म्हणाल्या. भीमाने शेजारून भाकरी आणली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला साहेब पुन्हा दारात. एकटे. आत आले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “बाई, इथे तर काहीच वास नाही.”

अंबूबाई म्हणाल्या, “हाय की. सायेब, कोटाच्या आतल्या खिशात रुमाल हाय तुमच्या.”

साहेबांनी रुमाल काढला. आत लसणाची पाकळी, हॉटेलातल्या आचाऱ्याकडून मागून आणलेली. मग दुसऱ्या खिशातून घडीचा कागद काढला, उखळावर ठेवून ‘देऊ नये’ या दोन शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘द्यावी. या घराचे नियम इतर घरांना कळवावे.’ उखळावर ठेवून लिहिलेला तेल कंपनीच्या इतिहासातला हा एकमेव शेरा असावा. साहेब, आपली बढती त्यामुळे झाली असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर झाली, हे खरं.

मित्रहो, मी सुरुवातीला तुमच्या भाषणांची थट्टा केली. ती मागे घेत नाही. पण उद्याची ऊर्जा म्हणजे काय, असा प्रश्न कोणी मला विचारला तर मी त्याला टनांचे आकडे सांगणार नाही. अंबूबाईंना तिसऱ्या रांगेत दाखवीन. बाई, जरा उठून उभ्या राहा. लाजू नका... त्यांचा डावा डोळा पाहा. पांढरा आहे. लाल नाही. तीन वर्षं झाली, डॉक्टरांकडे त्या आता औषधाला नाही, चटणी पोचवायला जातात. सकाळी इथे आल्या तेव्हा दारातूनच त्यांनी व्यासपीठावरचे चन्नप्पा ओळखले आणि “आज टोपी नवी हाय की!” अशी दाद दिली. पन्नास हातांवरून. एका डोळ्याने.

आणि म्हणून, अध्यक्षमहाराज, एक विनंती. काल दुपारच्या बैठकीत एक सूचना आली. चन्नप्पा निवृत्त होत आहेत, त्यांच्यासारखा घरोघर फिरणारा माणूस आता कुठून आणायचा. तेव्हा नव्या ग्राहकाला एक छापील पत्रक द्यावं. छापील कागद हाच माझा धंदा आहे. त्याच्यावर माझं पोट आहे. तरी मी सांगतो, पत्रक खिशातला रुमाल ओळखायला शिकवत नाही. पत्रक भिंतीशी हात पाठीमागे बांधून उभं राहत नाही. पत्रक जरूर द्या, पण ते घेऊन जाणारा माणूस सायकलवर असू द्या, आणि त्याला पहिली शिकवणी चन्नप्पांकडून द्या. निवृत्त झालेला माणूस घरी बसून करणार तरी काय? चहा तर बंद होणार.

गोपाळरावांनी मान हलवली. वार्ताहर या नात्याने ती होकारार्थी होती अशी मी नोंद घेतो, आणि उद्याच्या अंकात तसं छापतो. आता ती फिरवता येणार नाही.

चन्नप्पा, आपल्याला शाल दिली, श्रीफळ दिलं. आमच्या मातोश्री प्रकृतीमुळे येऊ शकल्या नाहीत. त्यांनी निरोप दिला आहे, “त्यांना सांग, राखणदार अजून एकदाही दिसला नाही. उपकार आहेत.” तो पोचवला.

संयोजकांचे, पाहुण्यांचे आणि पानं वाढून ठेवूनही बोलावणं न धाडणाऱ्या आचाऱ्यांचे मी आभार मानतो. थोरामोठ्यांची थट्टा झाली, वेळ उलटून गेला, शास्त्राला थोडं वाकवलं. जिभेच्या या सवयी या वयात सुटत नाहीत. जे बोचलं असेल ते आपण पोटात घालावं. तिथे आज जागाही आहे.

फक्त एक काम राहिलं. या टेबलावर फडकं बांधलेली एक बरणी सकाळपासून आहे. ती अंबूबाईंची चन्नप्पांना भेट. सभागृहात मागे प्रदर्शनाच्या सहा शेगड्या मांडल्या आहेत. बाई आत आल्या तेव्हा शेगड्या पेटत्या पाहून त्यांनी बरणीचं फडकं आणखी एक गाठ मारून घट्ट केलं आणि मला बजावलं, “त्या बंद झाल्याबिगर हे उगडायचं न्हाय.” आत्ता मागून खूण आली आहे. सहाही शेगड्या बंद, सिलिंडरपाशी बंद.

चन्नप्पा, शेवटचं एकदा. आपण उठा आणि वास घ्या. खाली वाकून, आपल्या पद्धतीने... काही येतोय?

“न्हाय,” म्हणतात.

तर मग, घड्याळात सव्वाबारा झाले आहेत. दहा केव्हाच वाजून गेले. अंबूबाई, घर आता तुमचं. मी गाठ सोडतो.